रंजनाताईंचा विषय पुढच्या मीटिंगला

रंजनाताईंची मुदत कधी संपते, ती तारीख मला माहीत होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि आई होती तोवर तिला तर नाहीच. आमच्या कमिटीतल्या सगळ्यांची आजही अशी समजूत आहे, की त्या बाईंचं प्रकरण जरा घाईत आलं, आपल्याला नीट कल्पना नव्हती आणि कल्पना आली तोवर उशीर झाला होता. मला कल्पना होती. आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून, ती तारीख त्यांनीच मला दाखवली होती.

त्यांचं नाव रंजना नाही. गावाचं नाव मी लिहिणार नाही. सातारा-सांगलीकडचं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

आम्ही लंडनजवळ स्लाऊमध्ये राहतो. आईला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि तिला आंघोळ घालायला, उठवायला, भरवायला माणूस लागू लागलं. केअर कंपनीने आधी एक पोलिश मुलगी पाठवली, मग केनियाची एक बाई. दोघी कामाला चोख होत्या. पण आईचं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी झटक्याबरोबर गेलं होतं, आणि परक्या भाषेत बोलत कोणी अंगाला हात लावला की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी कंपनीच्या मागे लागून मराठी बोलणारी बाई मागून घेतली. महिन्याभराने रंजनाताई आल्या.

ठेंगण्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या, केसांना काळाभोर कलप, कपाळाला टिकली. कंपनीचा जांभळा अंगरखा कडक इस्त्रीचा, आणि गळ्यातलं ओळखपत्र गळ्यात न लोंबू देता सेफ्टी पिनने छातीवर टाचलेलं, निवडणुकीत बिल्ला लावतात तसं. पहिल्या दिवशी आई नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळली आणि म्हणाली, आंघोळ नको. रंजनाताईंनी खुर्ची ओढली, बसल्या, घसा साफ केला.

"मावशी, सभेला सुरुवात करते. विषय क्रमांक एक, आंघोळ. विषय क्रमांक दोन, वेणीफणी. विषय क्रमांक तीन, चहा. कोणाची हरकत?"

बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला, "तीन आधी घ्या."

"विषयांचा क्रम बदलण्यास सभेची मंजुरी," रंजनाताई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "दादा, चहा टाका की."

झटक्यानंतर आई हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तोंड वाकडं झाल्यामुळे ते हसू खोकल्यासारखं यायचं.

त्या एके काळी नगरसेविका होत्या, हे त्याच आठवड्यात कळलं. हे त्या कोणापासूनही लपवत नसत. खरं तर बसच्या ड्रायव्हरलाही त्यांनी हे सांगितलं असावं. उभं राहायचं होतं त्यांच्या मिस्टरांना, पण वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, म्हणून यांना उभं केलं. पहिल्या सभेला मिस्टर मागच्या खुर्चीवर बसून खुणा करत होते. "दुसऱ्या सभेला मी त्यांना घरीच ठेवलं. कोंबड्यांकडं बघा म्हटलं." एक टर्म झाली. पुढच्या वेळी पडल्या. गटाराच्या कामात पैसे खाल्ल्याचा आरोप झाला होता, तोही त्या हसत सांगायच्या: "सगळ्यांनी जेवून घेतलं, मी नुसतं चाखलं आणि नाव माझं आलं." त्यानंतर विलायतेला कशा आल्या, हे मात्र दोनच वाक्यांत आटपत. "कोंबड्या मेल्या. मग एजंट आला." शेतातला एक तुकडा त्या एजंटकडे गेला, हे आईला कळलं. मला त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

मी त्यांना संत करत नाहीये. पन्नास मिनिटं राहून तास लिहायच्या. आईला दिलेले पेढे अर्धे त्याच खायच्या. दुपारची मालिका इतक्या मोठ्या आवाजात लावायच्या, की वरच्या खोलीत मला ऑफिसचा कॉल घेता येत नसे. आणि भोचकपणाला तर सीमाच नव्हती. आमच्या शेजारी ब्रायन राहतो, निवृत्त बस ड्रायव्हर. सोळा वर्षांत माझं आणि त्याचं बोलणं 'मॉर्निंग'च्या पलीकडे गेलं नव्हतं. रंजनाताईंचं इंग्रजी चार शब्दांचं, पण महिन्याभरात त्यांना ठाऊक होतं, की ब्रायनची बायको कशाने गेली, त्याचा मुलगा फोन का करत नाही, आणि तो कोल्ह्यांसाठी मागच्या अंगणात रोज काय काढून ठेवतो. "मिस्टर ब्रायन, नी हाऊ?" असं फाटकातून ओरडून गुडघ्याची चौकशी केल्याशिवाय त्या आत येत नसत. माझी मुलगी ईशा केंब्रिजला शिकते. ती सुट्टीत आली की म्हणायची, "बाबा, रंजनामावशी स्ट्रीटचा सगळा गोष्टी माहीत आहे. शी'ज लाइक द मेयर." तिच्या मराठीचं असंच आहे. पण म्हणणं बरोबर होतं.

त्यांना एक मुलगा. तेव्हा अकरावीत, आत्याकडे ठेवलेला. केअरच्या व्हिसावर येणाऱ्यांनी नवरा-बायको, मुलं आणायची नाहीत, असा नियम झाला, त्यानंतर या आल्या. एजंटने अर्थातच उलट सांगितलं होतं. आमच्याकडून निघाल्या की बस स्टॉपवर उभ्या राहून त्या मुलाला फोन करत. तो जेवला की नाही, एवढंच बोलणं असायचं. बस आली तरी सोडून द्यायच्या.

एकदा कौन्सिलचं मतदार यादीचं पत्र आलं. मी ते भरत होतो. सहज म्हटलं, रंजनाताई, तुम्हीही तुमच्या इथल्या पत्त्यावर नाव घाला, तोही आमच्याच वॉर्डात येतो. कॉमनवेल्थच्या नागरिकांना इथे मत देता येतं. त्या आईला भरवत होत्या. चमचा हवेत राहिला.

"मला? मत?"

"हो. व्हिसा आहे तोवर."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "म्हणजे हे लोक मला पोरगं आणू देत नाहीत, पण सरकार निवडू देतात?"

मी म्हटलं, असंच आहे खरं. त्यांनी आईचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "चुकून राहिलं असेल. कोणाला सांगू नका, नाहीतर तेही काढतील."

त्या उन्हाळ्यात आमच्या वॉर्डातल्या कौन्सिलरने राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लागली. मला विचारणा झाली. मी कुठल्या पक्षाचा, ते सांगून काही फरक पडत नाही. त्या वर्षी सगळ्याच पक्षांच्या पत्रकांवर बाहेरून येणाऱ्यांबद्दल साधारण एकच मजकूर होता. माझ्या पत्रकावर माझ्या फोटोशेजारी छापलं होतं, 'न्याय्य नियम, ठाम नियंत्रण'. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. लॅम्पपोस्टवर इंग्लंडचे झेंडे लागायला सुरुवात झाली होती, निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांबाहेर विरोधाचे जमाव जमत होते, आणि आमच्यासारख्या जुन्या लोकांना वाटत होतं, की आपण वेगळे आहोत हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मी सांगत असे. आम्ही रांगेत उभे राहून आलो, असं मी भाषणात म्हणायचो. मी वर्क परमिटवर आलो तेव्हा बायको पुढच्याच महिन्यात आली होती. बाबा गेल्यावर आईलाही आणता आलं, कारण म्हाताऱ्या आईवडिलांचा नियम तोवर आवळला नव्हता. माझ्या वेळी रांग आखूड होती. भाषणात हे मी कधी म्हटलं नाही.

निवडणूक म्हटल्यावर रंजनाताईंचं वयच उतरलं. सुटीच्या दिवशी त्या माझ्याबरोबर दारोदार फिरायला निघाल्या. पहिल्याच गल्लीत मला बाजूला घेतलं.

"दादा, दारात उभं राहून हात मागं बांधू नका. कलेक्टर पाहणीला आल्यागत वाटतं."

"मग काय करू?"

"पाणी मागा."

"इथे कोणी असं पाणी मागत नाही, रंजनाताई."

"म्हणूनच मागा की. माणसानं पाणी दिलं की त्याला वाटतं आपण मोठे. मोठं वाटलेला माणूस मत देतो."

मी काही मागितलं नाही. त्यांनी मागितलं. एका म्हाताऱ्या इंग्रज बाईने त्यांना आत नेऊन चहा आणि केक दिला आणि मी पंधरा मिनिटं बाहेर कुंपणाशी पत्रकं धरून उभा होतो. बाहेर आल्या त्या तोंड पुसत. "पक्कं मत," म्हणाल्या. "नातीचं लग्न मोडलंय, तेवढं विचारत जा."

एका दारात एक माणूस आला, माझ्याच वयाचा, नम्र. त्याने मला सांगितलं, की तुमच्याबद्दल काही नाही, तुम्ही लोक कामं करता, पण हे नवीन जे येतायत, केअरच्या नावाखाली आणि काय काय, त्यांना परत पाठवलं पाहिजे. रंजनाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. छातीवर माझा बिल्ला. मी म्हणालो, तुमची काळजी मी समजू शकतो, कंट्रोल हवाच. त्याने हात मिळवला. मत देईन म्हणाला.

फाटकाबाहेर आल्यावर रंजनाताईंनी विचारलं, काय म्हणत होता? मी म्हटलं, कचऱ्याच्या डब्यांबद्दल. थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "कंट्रोल कळतं मला, दादा. आमच्याकडं रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणायचे." आणि मी काही बोलायच्या आत, "चला, पुढचं घर. मत मिळालं ना? झालं तर."

त्या दिवशी मला वाटलं, यांनी आता मला सोडून द्यावं, घरी जावं. त्या संध्याकाळपर्यंत फिरल्या.

सप्टेंबरात त्यांच्या कंपनीचं लायसन्स गेलं. परदेशी कामगार आणायचं लायसन्स असतं, ते. कंपनीने बऱ्याच बायकांना आणून पुरेसं काम दिलं नव्हतं, आणखीही गोष्टी होत्या. गुन्हा कंपनीचा, पण व्हिसा त्या कंपनीशी बांधलेला. त्यामुळे शिक्षा बायकांना. साठ दिवसांत दुसरा लायसन्सवाला मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. रंजनाताईंना ते कळलं त्या सकाळी त्या आल्या, आईचं सगळं केलं आणि मग स्वयंपाकघरात येऊन कॅलेंडरवर बोट ठेवलं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारवर.

"इथवर," म्हणाल्या. "तुमच्या संस्थेचं लायसन्स आहे ना, दादा?"

होतं. इथल्या मराठी डॉक्टरांच्या पिढीने, स्वतः म्हातारे व्हायला लागल्यावर, आपल्या लोकांसाठी घरी जाऊन काळजी घेणारी एक छोटी संस्था काढली होती. आईसारखी अवस्था झालेले खूप होते. इंग्रजी विसरलेले, वरणभात मागणारे. संस्थेने रीतसर लायसन्स घेऊन पूर्वी दोन बायकांना ठेवलंही होतं. मी त्या संस्थेचा सेक्रेटरी. मी म्हटलं, कमिटीपुढे विषय ठेवतो.

"ठेवा," त्या म्हणाल्या. त्या शब्दावर त्यांचा भरवसा होता असं मला वाटलं. आता वाटतं, त्यांना तो शब्द फार जवळून ठाऊक होता.

कंपनीचं काम बंद पडलं तरी त्या आमच्याकडे येत राहिल्या. कामाला नव्हे, मावशीला भेटायला, असं म्हणायच्या. भेटायला आल्या की आईला आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या. मी ते चालू दिलं. बायको एकदा म्हणाली, अरे, हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, त्यांनाही बरं वाटतं.

आमची कमिटी दोन-अडीच महिन्यांनी भरते, ईलिंगला, अध्यक्ष डॉ. लिमयांच्या घरी. निवृत्त सर्जन, ऐंशीच्या पुढचे, अतिशय सभ्य माणूस. आमच्या कमिटीची एक रीत आहे आणि ती मराठी कमिटीत वावरलेल्या कोणालाही सांगावी लागणार नाही. आमच्याकडे कोणी कशाला 'नाही' म्हणत नाही. मतदान होत नाही. सगळं सर्वानुमते. ज्या गोष्टीवर सर्वानुमत होणार नाही, तिच्याबद्दल सगळे अतिशय कळकळीने बोलतात आणि मग कोणीतरी म्हणतं, पुढच्या मीटिंगला घेऊ या. ते वाक्य आलं, की खुर्च्या सैल होतात, चहा येतो. त्यात कोणाला दुष्टपणा वाटत नाही. भांडणं टाळायची ती पद्धत आहे आणि एरवी ती चांगलीच आहे.

विषयपत्रिका मी तयार करतो. रंजनाताईंचा विषय मी सगळ्यात शेवटी घातला.

त्या आठवड्यात पक्षाच्या संघटकाचा फोन येऊन गेला होता. तो तसं काही म्हणाला नाही. एवढंच, की पोलिंगपर्यंत नवीन काही अडचणीचं नको; समोरची मंडळी तुझ्या त्या संस्थेबद्दल विचारपूस करतायत. मला समजलं. 'ठाम नियंत्रण' छापलेला उमेदवार, आणि त्याची संस्था लायसन्स गेलेल्या कंपनीतली बाई ठेवते आहे. ते कसं दिसेल, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

शेवटचा विषय आला तेव्हा डॉक्टरीणबाई आत उपमा परतत होत्या, वास येत होता. मी माहिती दिली. बाई अनुभवी आहेत, मराठी आहेत, कंपनीचं लायसन्स गेलंय. सगळे हळहळले. एक जण म्हणाले, हे एजंट लोक म्हणजे ना. दुसरे म्हणाले, आपल्याकडे तपासणी आली तर, म्हणजे आपलं लायसन्स धोक्यात नको. लिमये म्हणाले, पण माणुसकीचा प्रश्न आहे. आणि मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "यांना मुदत किती आहे?"

प्रश्न सरळ होता. मी म्हटलं, "आहे अजून. मला वाटतं, घाई करण्यापेक्षा नीट माहिती काढून पुढच्या मीटिंगला घेऊ या."

पुढची मीटिंग डिसेंबरात होती. लिमये दिवाळीसाठी पुण्याला जायचे होते. हे माझ्यासमोर लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं. आणि तो नोव्हेंबरातला गुरुवार माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर होता. लिमयांचा चेहरा निवळला. "हो, तेच बरं," ते म्हणाले. उपमा आला.

सोमवारी रंजनाताईंनी आईचं खाणं होईपर्यंत काही विचारलं नाही. मग कप धुता धुता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काय ठरलं?"

"चर्चा चांगली झाली. सगळ्यांची सहानुभूती आहे. पुढच्या मीटिंगला घेतोय."

"पुढची कधी?"

"डॉक्टर इंडियाहून आले की. दिवाळीनंतर."

त्यांनी कप पालथा घातला. टॉवेलला हात पुसले, एकेक बोट.

"आमच्या वॉर्डात एक बाई होती," त्या म्हणाल्या. "नवरा गेलेला. नळाचं कनेक्शन मागायची. द्यायचं तर तिच्या दिराशी वाकडं येत होतं आणि त्या घरातली मतं सगळी दिराच्या हातात. मी तिला नाही कधी म्हटलं नाही. दर खेपेला चहा पाजायचे आणि म्हणायचे, पुढच्या सभेला घेते. पाच वर्षं काढली तशी. ती शेवटपर्यंत मला ताईच म्हणायची."

"हे तसं नाहीये."

"नसू दे की." त्या वळल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. हिशेबी दिसत होत्या, प्रचाराला निघताना दिसायच्या तशा. "मी काय म्हणते दादा, नाही म्हणायचं असेल तर आज म्हणा. साउथहॉलला एक जण आहे म्हणतात, स्पॉन्सर गाठून देतो. लुबाडतो, पण देतो. आज कळलं तर मला तेवढी सवड आहे. महिन्यानं कळलं तर नाही."

मी म्हटलं, "मी नाही म्हणत नाहीये."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आईच्या खोलीत गेल्या.

मी 'नाही' का म्हणालो नाही, याचं एक उत्तर मला लगेच सापडलं होतं: मला खरंच आशा होती, काहीतरी होईल. दुसरं उत्तर मी इथे पहिल्यांदा लिहितोय. पोलिंगला अजून तीन आठवडे होते. आशियाई घरांतल्या बायका रंजनाताईंच्या शब्दावर बाहेर पडणार होत्या, ब्रायनसारखे लोकसुद्धा. नाही म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या. मला त्या तेवढे दिवस हव्या होत्या.

त्या राहिल्या. पोलिंगच्या दिवशी गुलबक्षी साडी, वर अनोरॅक जाकीट, पायात बूट. सकाळपासून म्हाताऱ्यांना हाताला धरून शाळेतल्या केंद्रावर नेत होत्या. दुपारी स्वतः मत द्यायला निघाल्या तेव्हा मी फाटकाशी होतो. ओळख म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यांनी पर्समधून निळा भारतीय पासपोर्ट काढला आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या बोटाकडे बघत. शाई लावत नाहीत इथे, म्हणाल्या, मग मत दिल्यासारखं वाटणार कसं?

मला विचारायचा धीर झाला नाही, पण त्यांनीच सांगितलं. "तुम्हालाच दिलं. एवढ्या लांब येऊन पडणाऱ्याला कशाला द्यायचं?"

मी चांगल्या फरकाने निवडून आलो. त्यांच्या मताची गरज पडली नसती. त्यांच्या फिरण्याची पडली असती का, मला माहीत नाही. फोनवर म्हणाल्या, गुलाल नाही का उधळला? मी म्हटलं, इथे हॉलमध्ये उधळू देत नाहीत. हसल्या. दुसऱ्या दिवशी आईचे केस धुवून गेल्या. मग त्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात यायच्या थांबल्या. फोन बंद झाला.

आई विचारायची, रंजना कुठाय? मी म्हणायचो, गावाला गेली, मुलाची परीक्षा आहे. आईच्या हिशेबाने ती परीक्षा फार लांबली. नंतर आलेल्या बाईकडून तिने कधी केस विंचरून घेतले नाहीत. फेब्रुवारीत आई गेली.

त्याआधी, डिसेंबरच्या मीटिंगला मी विषय वाचला आणि सांगितलं, की आता तो लागू राहिला नाही. लिमये खरोखर कळवळले. "अरेरे. परत गेल्या असतील बिचाऱ्या. आपल्याला आधी कळायला हवं होतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्यानंतरच्या वसंतात हाय स्ट्रीटमागच्या बोळात कोणीतरी गाद्या आणि मोडके फ्रीज टाकून जातं, अशी तक्रार आली. कौन्सिलचा एक अधिकारी आणि मी बघायला गेलो. दिवसाउजेडी, अकराचा सुमार. तो फोटो काढत होता. एका खानावळीचं मागचं दार उघडलं आणि एक बाई दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या घेऊन बाहेर आली. केस मुळांपासून पांढरे झाले होते, टिकली नव्हती. ओळखायला मला क्षणभर लागला. त्यांना लागला नाही. त्यांनी आधी माझ्या गळ्यातल्या कौन्सिलच्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग त्या अधिकाऱ्याकडे, मग माझ्याकडे. मी एक पाऊल पुढे झालो.

त्याच बोलल्या. अनोळखी माणसाने नगरसेवकाला रस्त्यात अडवून बोलावं, त्या आवाजात.

"साहेब, या बोळात दिवा नाही. सुटल्यावर बायका इथूनच जातात. तेवढं बघा."

दादा नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "बघतो."

त्यांनी पिशव्या डब्यात टाकल्या, झाकण दाबलं. दार ओढून घेताना आतून कोणीतरी हाक मारली, ते नाव त्यांचं नव्हतं. त्या 'आले' म्हणाल्या. दार लागलं.

अधिकाऱ्याने विचारलं, काय म्हणत होती? मी सांगितलं, दिव्याचं. त्याने लिहून घेतलं. आठवड्यात दिवा लागला. माझ्या आजवरच्या कारकिर्दीत इतकं लवकर कुठलंच काम झालेलं नाही. मी त्या बोळात परत गेलो नाही. मी गेलो, कोणी पाहिलं, कोणी विचारलं, तर धोका त्यांना आहे. निदान मी स्वतःला असं सांगतो.

त्यांना देता येण्यासारखं माझ्याकडे एक होतं, वेळेवर म्हटलेलं 'नाही'. ते आता देता येत नाही. दुसरं अजून देता येतं. कमिटीसमोर उभं राहून मला सांगायचं आहे, की मुदत किती आहे असं विचारलं तेव्हा मला तारीख माहीत होती आणि विषय मी ढकलला. त्यानंतर कमिटी तीनदा भरली. मी अजून सांगितलेलं नाही.